रक्तातले तांबे-जस्त आणि ब्लड कॅन्सरच्या रुग्णाचे भवितव्य

आपल्या भागातल्या शेतकऱ्याला 'सूक्ष्म अन्नद्रव्ये' हा शब्द नवा नाही. माती परीक्षणाचा कागद हातात आला की नत्र, स्फुरद, पालाश यांच्याखाली जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन असे आकडे असतात. जस्त कमी निघाले की झिंक सल्फेटची मात्रा ठरते आणि पुढच्या हंगामात फरक दिसतो. दोष कळला, भरपाई केली, पीक सुधारले, असा हा सरळ हिशेब आहे.

अलीकडे असाच कागद माणसांच्या हातीही येऊ लागला आहे. लॅबोरेटरीच्या 'संपूर्ण तपासणी'च्या पॅकेजमध्ये साखर, युरिया, कोलेस्टेरॉल यांच्या जोडीला तांबे, जस्त, सेलेनियम, लोह यांचे आकडे छापून येतात. आकड्यासमोर वर किंवा खाली बाण असतो. घरात रक्ताच्या कर्करोगाचा, म्हणजे ल्युकेमियाचा रुग्ण असला तर तो बाण पाहून सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. तांबे वाढले म्हणजे आजार वाढला काय? जस्त कमी झाले म्हणजे पेशंट आता हाती लागत नाही काय? टॉनिक देऊन हा आकडा भरून काढावा काय? मूर्तिजापुरातल्या माझ्या दवाखान्यात हे प्रश्न मला वरचेवर विचारले जातात. म्हणून आजचा लेख या विषयावर.

सूक्ष्म द्रव्ये म्हणजे किती सूक्ष्म?

मोठ्या माणसाच्या शरीरात लोह साधारण ३ ते ४ ग्रॅम असते. जस्त २ ते ३ ग्रॅम असते आणि तांबे तर फक्त १०० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे चिमूटभर मिठाहूनही कमी. सेलेनियम त्याहून थोडे. पण या चिमटीवाचून शरीराचा गाडा चालत नाही. लोहाशिवाय हिमोग्लोबिन बनत नाही. जस्ताशिवाय पेशींची वाढ होत नाही, जखम भरत नाही आणि रोगप्रतिकारशक्ती मंदावते. तांबे नसेल तर पोटातले लोह असूनही शरीराला ते नीट वापरता येत नाही.

यातले रक्ताच्या पाण्यात, म्हणजे सीरममध्ये, अगदी थोडे असते. शरीरातल्या एकूण जस्तापैकी हजारातला एखादा भागच तिथे सापडतो. बाकीचे स्नायूंत, हाडांत, यकृतात आणि इतर पेशींत असते. बाजारात दिसणाऱ्या धान्यावरून गावातल्या सगळ्या घरांच्या कणग्यांत किती धान्य आहे हे सांगता येत नाही. सीरममधल्या जस्ताचेही तसेच आहे.

ल्युकेमियात काय घडते?

आपले रक्त हाडांच्या पोकळीतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत तयार होते. ल्युकेमियात तिथल्या एखाद्या पेशीत बिघाड होतो आणि ती स्वतःसारख्याच कच्च्या, निरुपयोगी पांढऱ्या पेशी बेसुमार काढू लागते. शेतात तण माजावे तसे त्या मगजात माजतात आणि चांगल्या पेशींना जागा उरत नाही. तांबड्या पेशी घटल्या की रुग्ण पांढराफटक पडतो व दमतो. प्लेटलेट घटल्या की हिरड्यांतून, नाकातून रक्त येते, अंगावर काळेनिळे डाग उठतात. चांगल्या पांढऱ्या पेशी घटल्या की ताप हटत नाही. लहान मुलांत हाडे दुखणे हेही लक्षण असते.

ल्युकेमिया हा एकच आजार नाही, हे आरंभीच लक्षात घ्यावे. त्याचे तीव्र आणि सावकाश वाढणारे असे दोन गट आहेत आणि प्रत्येकाचे पुन्हा पोटभेद आहेत. मुलांत बहुधा 'एएलएल' हा प्रकार आढळतो. मोठ्यांत 'एएमएल' आणि 'सीएमएल' नेहमी दिसतात. उतारवयात 'सीएलएल' आढळतो. सीएलएलच्या काही रुग्णांना तर वर्षानुवर्षे औषधच लागत नाही, नुसती देखरेख पुरते. त्यामुळे अमक्याचा माणूस ब्लड कॅन्सरने तीन महिन्यांत गेला, तमक्याचा वीस वर्षे जगला, या दोन्ही गोष्टी खऱ्या असल्या तरी त्यांवरून आपल्या रुग्णाचे अनुमान काढता येत नाही.

तांबे चढते, जस्त उतरते

आता मूळ मुद्द्याकडे वळू. ल्युकेमिया आणि या धातूंचा संबंध शास्त्रज्ञांना बऱ्याच काळापासून ठाऊक आहे. १९५० च्या सुमारास अमेरिकेतील संशोधकांना आढळले की ल्युकेमियाच्या रुग्णांच्या पांढऱ्या पेशींत निरोगी माणसाच्या पेशींपेक्षा जस्त पुष्कळच कमी असते. पुढे ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन रुग्णालयातील डॉक्टरांनी लसिकाग्रंथींच्या व रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांतील तांबे वारंवार मोजून १९६८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आजार जोरात असताना सीरममधले तांबे वाढते, उपचाराने आजार दबला की ते उतरते आणि आजार उलटू लागला की पुन्हा चढते, असा त्यांचा अनुभव होता. मुलांच्या तीव्र ल्युकेमियातही मगजात कच्च्या पेशी जितक्या जास्त, तितके तांबे वर, असे दिसून आले. त्यानंतर अनेक देशांत अशा पाहण्या झाल्या. चित्र साधारण तेच राहिले: तांबे वर, जस्त आणि सेलेनियम खाली.

निरोगी माणसाच्या सीरममध्ये तांबे दर १०० मिलिलिटरला साधारण ७० ते १४० मायक्रोग्रॅम आणि जस्त ७० ते १२० मायक्रोग्रॅम असते. म्हणजे दोन्ही जवळपास बरोबरीने असतात. तीव्र ल्युकेमियात ही बरोबरी मोडते आणि तांबे जस्ताच्या दुपटीवरही जाऊ शकते. उपचार करूनही ज्यांचे तांबे खाली येत नाही, त्यांचा आजार बहुधा दाद देत नसतो. 'तांब्यावरून पेशंटचे भवितव्य कळते' असे जे म्हटले जाते, त्याचा उगम इथे आहे.

पण हे घडते का, ते समजून घेतले पाहिजे. सीरममधले बहुतेक तांबे 'सेरुलोप्लाझमिन' नावाच्या प्रथिनाला बांधलेले असते. शरीरात कुठेही दाह, जंतुसंसर्ग किंवा कर्करोग असला की यकृत हे प्रथिन जास्त तयार करते आणि त्याच्यासोबत तांब्याचा आकडा वाढतो. याच वेळी यकृत रक्तातले जस्त आपल्याकडे ओढून साठवून ठेवते, म्हणून जस्ताचा आकडा पडतो. शरीराने संकटात केलेली ही व्यवस्था आहे. रुग्णाने तांबे जास्त खाल्ले किंवा जस्त कमी खाल्ले, एवढ्याने ती होत नाही. कुणी तांब्याच्या लोट्यातून पाणी पीत असेल तर तो लोटा या आजाराला कारण नाही. तो फेकून दिल्याने आकडा उतरणारही नाही. तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात ताक किंवा आंबट पदार्थ ठेवू नये हा घरचा जुना नियम मात्र सर्वांनीच पाळावा. त्याचा ल्युकेमियाशी संबंध नाही.

धूर पाहून आग कोणती ते कळत नाही

दूरवर धूर दिसला तर कुठेतरी पेटले आहे एवढे कळते. गंजी पेटली की चूल, हे धूर सांगत नाही. तांब्याचा आकडा तसाच आहे. क्षयरोगात तो वाढतो, संधिवातात वाढतो, गरोदरपणात वाढतो, कुटुंबनियोजनाच्या गोळ्या चालू असलेल्या बाईतही वाढतो. ल्युकेमियाच्या रुग्णाला जंतुसंसर्ग वारंवार होतो. मग तांबे चढले ते आजार उलटला म्हणून की न्यूमोनिया झाला म्हणून, हे त्या आकड्यावरून ठरवता येत नाही. जस्ताचे मोजमाप तर आणखी नाजूक आहे. नमुना घेताना रक्तपेशी फुटल्या, किंवा नळीच्या रबरी बुचातले जस्त मिसळले, तरी आकडा बदलतो.

म्हणूनच पन्नास वर्षांपूर्वी ज्या तपासणीकडून मोठी आशा होती, ती आज मोठ्या कर्करोग रुग्णालयांत ल्युकेमियाचा उपचार ठरवण्यासाठी वापरली जात नाही. तिच्यापेक्षा फार नेमक्या तपासण्या आता हाती आहेत. त्या पुढे सांगतो.

मग जस्ताची गोळी देऊन पाहायला काय हरकत?

तालुक्यातल्या एका खेड्यातून एक शेतकरी मुलाचा रिपोर्ट घेऊन आले. मुलाला एएलएल होता, मुंबईचे मोठे उपचार संपून घरच्या गोळ्या चालू होत्या. कुणीतरी पॅकेज तपासणी सुचवली आणि जस्तासमोर खाली बाण आला. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, वावरात जस्त कमी पडलं तं आपन झिंक टाकतो. पोरालेबी तसंच द्या ना. अन् त्या कडू गोळ्या थोडे दिवस बंद ठेवतो."

प्रश्न बापाच्या मायेतून आलेला होता आणि शेतीच्या हिशेबाने चुकीचाही नव्हता. पण या बोलण्यात दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या. पहिली साधी चूक, दुसरी जिवावरची.

आधी पहिली बघू. ल्युकेमियात जस्त देऊन आजार बरा होतो किंवा आयुष्य वाढते, असे सिद्ध झालेले नाही. उलट अति जस्ताचा तोटा ठाऊक आहे. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १३ ते १७ मिलिग्रॅम जस्त पुरते. बाजारात ५० मिलिग्रॅमच्या गोळ्या सहज मिळतात. २०२० आणि २०२१ च्या कोरोनाच्या काळात त्या घरोघरी खाल्ल्या गेल्या. अशा जादा मात्रा कित्येक महिने चालू राहिल्या तर आतडे तांबे शोषून घेईनासे होते. तांबे तुटले की हिमोग्लोबिन उतरते, पांढऱ्या पेशी घटतात आणि मगजाचा मोठा आजार झाला की काय अशी शंका येण्यासारखे चित्र तयार होते. क्वचित हातापायांना बधिरपणाही येतो. जुलाबासाठी लहान मुलाला १४ दिवस दिली जाणारी जस्ताची गोळी यात येत नाही. ती जरूर द्यावी.

लोहाचे तर याहून स्पष्ट आहे. रुग्ण पांढरा पडला की घरचे लोक लोहाचे टॉनिक आणतात. ल्युकेमियात हिमोग्लोबिन घटते ते मगजात जागा नसल्यामुळे. तिथे लोहाचा तुटवडा नसतो. त्यात रुग्णाला पुन्हा पुन्हा रक्त चढवावे लागते. रक्ताच्या एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात जाते आणि शरीर दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम बाहेर टाकू शकते. वीस पिशव्या झाल्या की जन्मभराच्या साठ्याइतके लोह वरचढ जमा होते. ते यकृतात व हृदयात साचून अपाय करते. मगजरोपणाआधी लोहाचा साठा फार वाढलेला असलेल्या रुग्णांना रोपणानंतर जास्त त्रास होतो, असे अभ्यासांत दिसले आहे. म्हणून ल्युकेमियाच्या रुग्णाला त्याच्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लोहाची गोळी देऊ नये.

मुंबईतून सुरू झालेला एक धडा

कमी आहे ते भरून काढावे, हा नियम ल्युकेमियात कसा उलटतो याची एक खरी हकिगत आहे, आणि तिची सुरुवात मुंबईत झाली. १९२८ मध्ये डॉ. ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायांत होणाऱ्या एका जीवघेण्या पांडुरोगाचा त्या अभ्यास करीत होत्या. यीस्टच्या अर्काने या बाया बऱ्या होतात, हे त्यांनी १९३१ मध्ये जगापुढे मांडले. त्या अर्कातले गुणकारी द्रव्य म्हणजे आजचे फॉलिक अॅसिड. आज प्रत्येक गरोदर बाईला आपण ते देतो.

रक्त वाढवणारे औषध ल्युकेमियातही उपयोगी पडेल, अशी आशा साहजिकच निर्माण झाली. अमेरिकेत बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना फॉलिक अॅसिडच्या जातीची द्रव्ये देऊन पाहिली. आजार कमी होण्याऐवजी अधिक वेगाने वाढताना दिसला. शेतात खत टाकावे आणि पिकाआधी तणच माजावे, तसे झाले. पण यातूनच त्यांना वाट सापडली. फॉलिक अॅसिडने तण माजत असेल, तर त्याचा मार्ग अडवणारे औषध दिले तर? असे औषध तयार करणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमुख आंध्रात जन्मलेले आपले शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. १९४८ मध्ये फार्बर यांनी १६ मुलांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील १० मुलांचा आजार काही काळ तरी मागे हटला होता. ल्युकेमियावर औषध चालू शकते, हे त्यातून दिसले. आज मुलांना आठवड्यातून एकदा दिली जाणारी मेथोट्रेक्सेटची गोळी याच घराण्यातली आहे.

तात्पर्य इतकेच, की निरोगी माणसाचे पोषण आणि ल्युकेमियाच्या रुग्णाचे पोषण यांत फरक आहे. कोणते द्रव्य चांगल्या पेशींना मिळेल आणि कोणते वाईट पेशींना, हे बाटलीवरच्या लेबलात लिहिलेले नसते.

सोमलाची गोष्ट

एक सूक्ष्म द्रव्य मात्र ल्युकेमियाचे खरेखुरे औषध ठरले आहे, आणि ते आहे सोमल, म्हणजे आर्सेनिक. एएमएलचा 'एपीएल' नावाचा एक पोटभेद आहे. त्यात अंगात रक्तस्राव होऊन रुग्ण काही दिवसांत दगावत असे. चीनमधील हार्बिन येथे १९७० च्या दशकात आर्सेनिकचे इंजेक्शन देऊन या रुग्णांवर उपचार सुरू झाले. पुढे 'अ' जीवनसत्त्वाच्या जातीच्या एका गोळीबरोबर ते देऊ लागले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले, की ज्यांच्या पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या नाहीत अशा एपीएल रुग्णांत या जोडीनेच, नेहमीच्या केमोथेरपीशिवाय, उत्तम गुण येतो. आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही आर्सेनिकच्या उपचारात महत्त्वाचे काम केले आहे. एके काळी सर्वांत घातक समजला जाणारा हा प्रकार आज सर्वांत जास्त बरा होणाऱ्या प्रकारांत गणला जातो.

पण यावरून कुणी घरी सोमलाचे भस्म देऊ नये. हे औषध फक्त एपीएलमध्ये चालते. दुसऱ्या ल्युकेमियात ते निव्वळ विष आहे. रुग्णालयातही ते देताना हृदयाचा आलेख काढतात आणि रक्तातले पोटॅशियम व मॅग्नेशियम मोजून योग्य पातळीवर राखतात. कारण ते कमी पडले तर हृदयाचे ठोके बिघडून मृत्यू येऊ शकतो. रक्तातल्या क्षारांचा आकडा खरोखर महत्त्वाचा ठरतो तो अशा वेळी, आणि तो पाहण्याची जागा रुग्णालय आहे.

भवितव्य कशावर ठरते?

आता ज्यासाठी लोक विचारतात त्या प्रश्नाचे सरळ उत्तर देतो. रुग्णाचे भवितव्य मुख्यतः चार गोष्टींवर ठरते.

पहिली गोष्ट, आजाराचा प्रकार आणि पेशीतला जनुकीय बिघाड. दुसरी, निदानाच्या वेळचे वय आणि पांढऱ्या पेशींची संख्या. एएलएलमध्ये १ ते १० वर्षे वयाच्या आणि पांढऱ्या पेशी ५० हजारांच्या आत असलेल्या मुलांचे भवितव्य अधिक चांगले असते. तिसरी गोष्ट, पहिल्या महिन्याच्या उपचाराला मिळालेली दाद. ती मोजण्यासाठी 'एमआरडी' नावाची तपासणी करतात. मगजातल्या दहा हजार पेशींत एखादी वाईट पेशी उरली असली तरी ती शोधता येते. तांब्याच्या आकड्याकडून जे कळावे असे पूर्वी वाटत होते, ते ही तपासणी नेमके सांगते. सीएमएलमध्ये हेच काम 'बीसीआर-एबीएल'ची तपासणी करते. आपल्या कागदपत्रांत हे दोन शब्द शोधावेत आणि त्यांचा अर्थ डॉक्टरांना विचारावा.

चौथी गोष्ट, उपचार पूर्ण होणे. ही एकटीच आपल्या हातात आहे, म्हणून मी तिच्यावर सर्वांत अधिक भर देतो. एएलएलचा उपचार एकूण दोन ते अडीच वर्षे चालतो. पहिले काही महिने रुग्णालयाचे, नंतरचे घरी गोळ्यांचे. मूल खेळू लागते, केस परत येतात, शाळा सुरू होते आणि घरच्यांना वाटते, आता कशाला? पण लपून बसलेल्या पेशी याच गोळ्यांनी मरतात. अमेरिकेतील अभ्यासांत दिसून आले, की ज्या मुलांनी १०० पैकी ९५ पेक्षा कमी दिवस मर्कॅप्टोप्युरिनची गोळी घेतली, त्यांच्यात आजार उलटण्याचा धोका वाढला. म्हणजे महिन्याला दोन गोळ्या चुकल्या तरी फरक पडतो. मघाच्या त्या बापाला मी हेच सांगितले. जस्ताचा आकडा विसरा, कडू गोळी विसरू नका. आणि एक लक्षात ठेवा: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर ती जीव घेते. कॅलेंडरवर वार लिहून ठेवा.

नीट उपचार झाले तर प्रगत देशांत एएलएलची १०० पैकी सुमारे ९० मुले बरी होतात. आपल्याकडील मोठ्या केंद्रांतही बहुसंख्य मुले बरी होऊ लागली आहेत. सीएमएलमध्ये २००१ मध्ये इमॅटिनिबची गोळी आली आणि रोज गोळी घेणाऱ्या बहुतेक रुग्णांचे आयुष्य जवळपास सामान्य माणसाइतके झाले. तिच्या पेटंटचा दावा १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला, म्हणून भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी आपल्या माणसांना मिळत राहिली. मोठ्यांच्या एएमएलचे उपचार अजूनही कठीण आहेत, हे खोटे सांगून चालणार नाही. पण तिथेही मगजरोपणाची सोय आहे. देशातले पहिले मगजरोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले.

टाटा, दादर आणि आपण

परळचे टाटा स्मारक रुग्णालय आणि ल्युकेमिया यांचे नाते पुष्कळांना माहीत नसते. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहरबाई १९३१ मध्ये ल्युकेमियानेच वारल्या. त्या काळी या आजारावर जगात कुठेही औषध नव्हते. दोराबजींनी १९३२ मध्ये पत्नीच्या नावाने ल्युकेमियाच्या संशोधनासाठी निधी ठेवला. त्याच दुःखातून पुढे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय उभे राहिले. गडगंज संपत्ती असूनही ज्या आजारापुढे टाटांचे काही चालले नाही, त्यावर आज मूर्तिजापूरच्या शेतमजुराच्या मुलाला उपचार मिळू शकतात.

मुंबईचे नाव काढले की राहायचे कुठे, हा प्रश्न येतो. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटात येणारे रुग्ण व नातेवाईक तिथे अल्प खर्चात राहतात. ज्या बाबांचे बालपण आपल्याच तालुक्यातल्या दापुऱ्यात गेले, त्यांच्या नावाचे छप्पर मुंबईत आपल्यासाठी आहे. मुंबईला जाणे जमत नसेल तर नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय जवळ आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ल्युकेमियाचे उपचार बसतात. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला आणि सोबत्याला भाड्यात सवलत आहे. शिधापत्रिका, आधार आणि जुने सर्व रिपोर्ट एका पिशवीत ठेवावेत.

घरी काय करावे?

रुग्णाला ताजे, गरम, पूर्ण शिजलेले अन्न द्यावे. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, उकडलेले अंडे, भाजलेल्या शेंगदाण्या-तिळाची चटणी यांतून जस्त, तांबे, लोह हे सारे बेताने मिळते. पांढऱ्या पेशी कमी असतील त्या दिवसांत कच्ची कोशिंबीर, उघड्यावरचा उसाचा रस, बाहेरचे पाणी बंद. आपला भाग खारपाणपट्ट्याचा आहे. उकळल्याने पाण्यातला खार जात नाही, पण जंतू मरतात, म्हणून पाणी उकळूनच द्यावे.

केमोथेरपी चालू असताना ताप १०१ डिग्रीपर्यंत चढला तर सकाळची वाट पाहू नये. रात्रीच रुग्णालय गाठावे. अशा तापाने गेलेले रुग्ण कर्करोगाने नव्हे, उशिराने गेलेले असतात.

आणि ज्यांचे निदान अजून व्हायचे आहे त्यांच्यासाठी: पांढरेपणा, न हटणारा ताप, अंगावर निळे डाग, हिरड्यांतून रक्त, मुलाचे हाडे दुखून रात्री रडणे, यांतले काही एकत्र दिसले तर टॉनिक आणि सुयांत वेळ घालवू नये. विशेषतः निदानाआधी स्टेरॉइडची सुई किंवा गोळी घेऊ नये. तिने चार दिवस बरे वाटते, पण खरा आजार झाकला जातो आणि पुढचे उपचार अवघड होतात. साधी रक्तपेशींची मोजणी आणि काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून केलेली तपासणी गावातही होते, अकोल्याच्या सरकारी रुग्णालयातही होते. तपासणीवर पैसे खर्च करायचेच असतील तर ते आधी या थेंबावर करावेत. तांब्या-जस्ताच्या आकड्यांवर नंतरही करता येतील, आणि बहुतेकांना त्यांची गरज पडणार नाही.